फळ्यांचा चौथरा

ज्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही, अशा एका राज्यात फार फार वर्षांपूर्वी एक खाडी होती. ओहोटी लागली की पाणी मागे जाई आणि नजर पोहोचेल तिथवर चिखल उघडा पडे. साधासुधा चिखल नव्हे. त्यात माणूस उभा राहिला की मांडीपर्यंत आत जाई.

काठावरच्या गावातल्या बायका याच चिखलातून शिंपल्या वेचत आणि त्यावर घर चालवत. त्यांची एक रीत होती. चिखलात पाय टाकायचा नाही. रुंद फळी पुढे ठेवायची, तिच्यावर पोटावर आडवं व्हायचं आणि हातांनी चिखल मागे लोटत जायचं. आजीने आईला शिकवलं, आईने लेकीला. एवढ्या पिढ्यांत एकही बाई रुतली नव्हती.

मग नवा राजा आला. डोंगरातला, खडकावर वाढलेला. गच्चीवरून त्याने सरपटणाऱ्या बायका पाहिल्या आणि त्याला लाज वाटली. बायकांच्या कष्टांची नव्हे बरं का! पाहुणे राजे हे बघून आपल्याला हसतील, याची.

"माझ्या राज्यात कुणी सरपटणार नाही," त्याने फर्मान काढलं. "उद्यापासून सगळ्यांनी ताठ चालायचं."

शिपायांनी घराघरांतून फळ्या उचलून नेल्या. आणि त्यांचं काय केलं, ऐका. चिखलाच्या कडेला खांब रोवले, त्यांवर त्याच फळ्या काथ्याने बांधल्या आणि राजासाठी चौथरा केला. कशासाठी? प्रजा ताठ कशी चालते ते वर उभं राहून बघायला! सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

गावातली सगळ्यात जुनी शिंपलेवाली दरबारात गेली. एका हातात वीट, डोक्यावर चिखलाने भरलेली टोपली. टोपली खाली ठेवून तिने वीट त्यातल्या चिखलावर आडवी ठेवली. वीट वरच राहिली. मग तीच वीट तिने टोकावर उभी केली. बघता बघता ती निम्मी आत गेली.

"महाराज, वीट तीच आणि वजनही तेवढंच," म्हातारी म्हणाली. "आडवी असली की तिचा भार पुष्कळ जागेवर वाटला जातो. उभी केली की सगळा भार एवढ्याशा जागेवर येतो, आणि तेवढा दाब चिखलाला सोसत नाही. आमचंही तसंच आहे. फळी आम्हाला हलकं करत नाही, आमचा भार पसरते."

"माझी प्रजा म्हणजे विटा नव्हेत, म्हातारे," राजा म्हणाला आणि हसला.

दरबारही हसला. त्यात शिकलेली माणसं होती, विटेचं म्हणणं पटलेली. तीही हसली. मला राजापेक्षा त्यांचाच राग जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी राजा चौथऱ्यावर चढला. शिंपल्या नाहीत तर चूल नाही, म्हणून बायका पायीच उतरल्या. म्हातारीची लेक सगळ्यांच्या पुढे होती. वीस पावलांवर तिचे पाय गुडघ्यापर्यंत गेले. एक पाय उपसायला तिने दुसऱ्यावर जोर दिला, तर सगळा भार त्या एकाच पावलावर आला आणि तो मांडीपर्यंत रुतला. बाकीच्या बायका कशाबशा काठाला परतल्या. लेकीला हलता येईना. लांबवर भरतीचं पाणी दिसू लागलं होतं.

"आई!" तिने हाक मारली.

"हिसके देऊ नकोस, पोरी! फळी आणते!" म्हातारी चौथऱ्याकडे धावली. "महाराज, दोन फळ्या द्या. पाणी येतंय!"

"फळ्या मिळणार नाहीत. माझे शिपाई तिला चालत बाहेर आणतील," राजा म्हणाला.

बारा शिपाई उतरले. अंगावर लोखंडी चिलखतं, पायांत लोखंडी जोडे. दहा पावलांत बाराही जण कमरेपर्यंत रुतले. राजाने "पुढे व्हा!" म्हणून ओरडायचं काही थांबवलं नाही.

म्हातारी बायकांकडे वळली. "बघत काय उभ्या राहिलात? फळ्या आपल्या आहेत!"

शिंपल्या उघडायच्या सुऱ्या सगळ्यांच्या कमरेला होत्याच. त्यांनी काथ्या कापला. राजा वरून धमक्या देत राहिला आणि त्याच्या पायांखालची एकेक फळी निघत गेली. शेवटची निघाली तसा तो खाली चिखलात पडला. उभाच पडला आणि कमरेपर्यंत गेला.

म्हातारी फळीवर आडवी होऊन लेकीपर्यंत पोहोचली. दुसरी फळी तिने लेकीच्या छातीखाली सरकवली. लेकीने अंग पसरलं, पाय हळूहळू हलवून मोकळे केले आणि ती वर आली. बायकांनी शिपायांची चिलखतं उतरवली आणि त्यांनाही तसंच ओढून काढलं. तोवर भरतीचं पाणी राजाला लागलं.

"आडवे व्हा," म्हातारी त्याच्यापुढे फळी ठेवत म्हणाली.

"मी राजा आहे!"

"चिखलाला ते कळत नाही. त्याला वजन कळतं आणि जागा कळते."

पाणी छातीपर्यंत आलं. तेव्हा कुठे राजा आडवा झाला आणि सगळ्या गावासमोर, दाढीला चिखल फासून, पोटावर सरपटत काठाला आला.

त्याच संध्याकाळी फर्मान मागे घेतलं गेलं. राजाने माफी मागितली नाही. असली माणसं मागत नाहीत. बायका फळ्या घेऊन पुन्हा चिखलात जाऊ लागल्या. म्हातारीची लेकही जाई, पण त्या दिवशी पाय उपसताना मुरगळलेला तिचा गुडघा पुढे कधीच सरळ झाला नाही. फर्मान काढणाऱ्याचे दोन्ही पाय मात्र शाबूत राहिले.

म्हणून लक्षात ठेवा: भार कमी करता आला नाही तरी तो पसरता येतो, आणि जो माणसांच्या अंगाखालची तेवढी जागाही काढून घेतो, तोच त्यांना बुडवतो.