डोलीचं तोंड

जाळी बोलत असत त्या काळी कोळी जाळ्याला विचारूनच ते ओढत. जोमा नाखव्याची डोल म्हणजे भलीमोठी जाळ्याची पिशवी. समुद्रातल्या खुंटांना बांधून तिचं उघडं तोंड प्रवाहाकडे केलेलं. भरतीचं पाणी मासळी आत ढकलायचं आणि तिथंच दाबून धरायचं.

त्या दिवशी पोट भरलं तरी डोलीला चैन नव्हतं. सारखं लक्ष शेजारच्या डोलीकडे.

“ओढू का गो?” होडीतून जोमाने विचारलं.

“थांब जरा. तिचं पोट अजून भरतंय.”

दोरीवर तरंगणारा बोया म्हणाला, “नाखवा, पाणी मंदावलंय. आता उलटेल.”

“त्याला पोटच नाही, भुकेचं काय कळणार?” डोल खेकसली. हातात दोर धरून जोमा नुसता ऊठबस करत राहिला.

शेजारची डोल ओढून तिची होडी निघूनही गेली. मग ओहोटी लागली. पाणी मागून शिरलं आणि मासळी ज्या तोंडातून आली होती, त्याच तोंडातून बाहेर गेली. डोल ओरडत होती, पण तोंड काही तिला मिटता येईना.

तेव्हापासून कोळी पाण्याकडे बघून डोल ओढतो. तिचं तोंड अजूनही उघडंच असतं, पण तिला कोणी विचारत नाही.