बाहुलीला घातलेली कुंची

आपण झोपेत बरळतो का, या काळजीनं अंबिकाची झोपच उडाली होती. तिचा नवरा गडाच्या चोरदरवाज्यावर पहारेकरी, आणि आता दिवाणांनी घरोघर बसवलेली किल्लीची बाहुली तिच्याही कोनाड्यात आली होती. राज्याच्या रक्षणासाठी म्हणे! घरातलं सगळं बोलणं ती ऐकून ठेवायची आणि किल्ली फिरवेल त्याला जसंच्या तसं सांगायची. शेवटी अंबिकानं लेकीची कुंची बाहुलीच्या कानांवरून घट्ट बांधली. पुढच्या खेपेला दिवाणांच्या माणसानं किल्ली फिरवली, तर बाहुली मुकी! अंबिकाला थेट दरबारात उभं केलं.

लेक कडेवर, कुंची काढलेली बाहुली समोर. शिकल्यासवरल्या बाईनं असला वेडेपणा करावा का, असं आता तिचं तिलाच वाटू लागलं.

"काय गं," दिवाण गरजले, "मनात पाप नसेल तर तिचे कान कशाला झाकलेस? काय लपवत होतीस, बोल!"

"सांगते ना, दिवाणजी. चोरदरवाजा कुठं आहे आणि तिथला पहारा कधी बदलतो, ते लपवत होते. तर ऐका, गडाच्या..."

"गप्प!" दिवाण ताडकन उठले. "शिपाई, आधी ती बाहुली बाहेर न्या! उद्या किल्ली शत्रूच्या हाती लागली तर?"

"मीही तेच केलं, दिवाणजी. माझ्याकडं शिपाई नव्हते, कुंची होती."

महाराज पोट धरधरून हसले आणि घरोघरच्या बाहुल्या परत मागवायचा हुकूम त्यांनी तिथंच दिला. अंबिकानं सुटकेचा निःश्वास टाकला, तोच कडेवरची तानी टाळ्या पिटत म्हणाली, "आई, आई, दरवाजा कुठंय ते मी सांगू?"