बैल बुजला

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा प्राणी बोलत असत आणि माणसं अधूनमधून त्यांचं ऐकतही असत, तेव्हा एका डोंगराळ मुलखात एक सुखी राज्य होतं. सुखी अशासाठी, की तिथे तक्रारी लिहून घ्यायची पद्धत नव्हती.

त्या राज्यातले रस्ते चांगले होते, बैल चांगले होते आणि गाडी हाकणारेही वाईट नव्हते. मग एका वर्षी बातमीदार पोपटांची टूम निघाली. हे पोपट झाडाझाडांवरून बातम्या गोळा करत आणि मालकाच्या खांद्यावर बसून त्याच्या कानात सांगत. कुणाकडे कोण पाहुणा आला, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, शेजारच्या राज्यात काय शिजतंय. पोपटाची बातमी कधी संपत नसे. संपत आली, की तो म्हणे, "आणि पुढचं ऐकलंत का?"

घरी बसून ऐकलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण घरी बायकामुलं बोलत असत. निवांतपणा मिळे तो फक्त गाडीवर. म्हणून माणसं हातात कासरा धरत, मान पोपटाकडे वळवत, आणि बैल आपल्या मनाने चालत राहत.

मग अपघात वाढले. कुणाचा हात मोडला, कुणाची गाडी ओढ्यात गेली, कुणाचं वासरू चाकाखाली आलं. दर वेळी गाडीवाला न्यायसभेत उभा राहून म्हणे, "बैल बुजला, सरकार." बुजलेल्या बैलाची कायद्यात उत्तम सोय होती. त्याला जन्मभरासाठी कोंडवाड्यात टाकत. गाडीवाला नवा बैल घेऊन घरी जाई, पोपटासकट. बैलाला बोलता येत होतं, पण त्याची साक्ष कायद्यात बसत नव्हती. त्यामुळे त्याला विचारायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

एक कोंडवाडा भरला, मग दुसरा भरला. तिसऱ्याची मंजुरी निघाली त्याच सुमारास जुने न्यायाधीश निवृत्त झाले. त्यांच्या जागी एका मंत्र्याला आपला पुतण्या हवा होता, दुसऱ्याला आपला जावई. राजाने दोघांनाही सारखंच नाराज करायचं ठरवलं आणि एका शहाण्या, मोजकं बोलणाऱ्या बाईंना नेमलं. त्या राज्यात शहाण्या माणसाला मोठ्या जागेवर जायला एवढी एकच वाट होती.

न्यायाधीशबाईंपुढे पहिलाच खटला आला तो राणीच्या भावाचा. तरुण, देखणा, आणि गाडी हाकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्या छकड्याचं चाक बाजाराच्या वळणावर एका कुंभाराच्या पायावरून गेलं होतं. कुंभार डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन चालला होता. आता तो खाटेवर पडून होता आणि त्याचं मडकी घडवायचं चाक बंद होतं.

"बैल बुजला," राणीचा भाऊ म्हणाला. सभेने सवयीने मान हलवली.

कारकून पुढे सरकून हळूच म्हणाला, "बाई, निकाल लिहून तयार आहे. बैलाचा रंग तेवढा भरायचा राहिलाय."

तेवढ्यात कुंभाराची बायको उठली.

"बाई, बैलाला कोंडून माझ्या धन्याचा पाय सांधणार असेल, तर खुशाल कोंडा. पण माझी पोर रोज त्याच वळणावरून पाण्याला जाते. परवा याचा पाय होता, उद्या तिचं डोकं असेल. तेवढं होऊ देऊ नका. मला भरपाई नाही मिळाली तरी चालेल."

"ही कायदा शिकवणार आता!" मागून कुणीतरी म्हणालं.

"शिकवायला कुणी तरी हवंच की," ती मागे न बघता म्हणाली आणि खाली बसली.

बाईंनी तयार निकाल बाजूला सारला. "उद्या," एवढंच म्हणून त्या उठल्या.

संध्याकाळी त्या कोंडवाड्यावर गेल्या. आजवर एकही न्यायाधीश तिथे फिरकला नव्हता, कारण तिथे वास येत असे. राणीच्या भावाचा बैल निकाल लागेपर्यंत तिथेच ठेवला होता. तो दावणीला रवंथ करत उभा होता.

"काय रे, बुजलास कशाला?" बाईंनी विचारलं.

बैलाने आधी रवंथ पुरा केला. एवढ्या वर्षांत कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा घाई करण्यात अर्थ नव्हता.

"बाई, बुजायला मी काय कालचं वासरू आहे? आम्हाला लहानपणी एकच गोष्ट शिकवतात. कासरा ओढला की थांब, नाही ओढला तर चालत राहा. कुंभार मला दिसला होता. मालकांनाही दिसेल म्हणून मी वाट बघितली. कासरा काही ओढला गेला नाही."

"मग तुझा तूच का नाही थांबलास?"

"पूर्वी एकदा थांबलो होतो. तेव्हा चाबूक बसला. ऐन रंगात आलेल्या गोष्टीत व्यत्यय आणला म्हणून."

"आमचंही तेच!" शेजारचा बैल म्हणाला, आणि मग सारा कोंडवाडा एकदम बोलू लागला. सगळ्यात म्हातारा बैल कोपऱ्यातून म्हणाला, "मी आत आलो तेव्हा पोपटही नव्हते, बाई. माझा धनी गाडीवर तंबाखू मळायचा. पोपटांना उगाच बोल लावू नका."

बाई विचार करत परत निघाल्या. आपली गाडी त्या स्वतःच हाकत. वळणाजवळ खांद्यावरचा पोपट म्हणाला, "आणि पुढचं ऐकलंत का? राणीसाहेब तुमच्याबद्दल काय म्हणाल्या ते?"

आपल्याबद्दल राणी काय म्हणाली, हे ऐकायला कोण मान वळवणार नाही? बाईंनी वळवली. पुन्हा समोर पाहिलं, तेव्हा बाजाराचं वळण मागे पडलं होतं. ते कधी आलं आणि कधी गेलं, त्यांना सांगता आलं नसतं. वळणावर कुणी नव्हतं, एवढंच. बाईंनी गाडी थांबवली आणि हातातल्या कासऱ्याकडे पाहिलं. राणी काय म्हणाली, ते पुन्हा विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभेला राजा स्वतः आला. मेहुण्याचा खटला होता. घरी जाऊन राणीला वृत्तान्त द्यायचा होता.

मंत्र्यांनी आपापले सल्ले दिले. पहिला म्हणाला, "सगळ्या पोपटांच्या माना मुरगळाव्यात." त्याच्याच पोपटाने बाहेरच्या कठड्यावरून आत झेप घेऊन त्याचा कान चावला, आणि सल्ला तिथेच संपला.

दुसरा म्हणाला, "अपघात करणाऱ्याचे हात तोडावेत!"

"राणीसाहेबांच्या भावाचे?" बाईंनी विचारलं.

"छे, छे. पुढच्या माणसापासून."

तिसऱ्याने जबर दंड सुचवला. ते ऐकून एक सावकार उठून म्हणाला, "दंड वर्षाचा आगाऊ भरला, तर काही सूट मिळेल का?"

"बसा," बाई म्हणाल्या. "दंड ही श्रीमंताला शिक्षा नसते, परवाना असतो." मग त्या राणीच्या भावाकडे वळल्या. "खरं सांगा. त्या वळणावर मान वळवली होतीत?"

"क्षणभर," तो म्हणाला. "पण ती तर मी रोजच वळवतो. आजवर कुणाला साधं खरचटलंही नाही."

"म्हणजे गुन्हा तुम्ही रोज करत होता. कुंभार परवा आडवा आला, एवढंच."

तरुण आपल्या जागी जाऊन बसला.

बाईंनी निकाल सांगितला. "बैल निर्दोष आहेत, सगळे. आजपासून त्यांना सोडावं. कासरा असो की लगाम, तो हातात असताना ज्याची नजर रस्त्यावरून हटेल, त्याच्याकडून तो काढून घेतला जाईल. नजर पोपटाने हटवली की तंबाखूने, ते आम्ही विचारणार नाही. कुणाला लागलं की नाही, हे नंतर बघू. लागलं असेल, तर तो माणूस उभा राहीपर्यंत त्याचं काम गुन्हेगाराने आपल्या हातांनी करायचं."

राजा अस्वस्थ झाला. "बाई, ज्यांच्या हातून कुणाला लागलं त्यांचं ठीक आहे. पण ज्यांच्या हातून काहीच झालं नाही, त्यांचाही कासरा काढणार? मग अर्धा दरबार पायी चालायला लागेल."

"चालणं प्रकृतीला चांगलं असतं, महाराज." बाईंनी पिशवीतून आपल्या गाडीचा कासरा काढून समोर ठेवला. "सुरुवात माझ्यापासून. काल संध्याकाळी त्याच वळणावर माझी नजर हटली. तिथे या बाईंची मुलगी नव्हती, यात माझं कर्तृत्व काही नाही. आणखी कुणाची हटली होती का?"

सभा एकाएकी छताकडे पाहू लागली. छत नेहमीचंच होतं.

बाहेरच्या कठड्यावर मात्र सगळ्यांचे पोपट रांगेने बसले होते, आणि ते काही सभेचे शिष्टाचार शिकलेले नव्हते. राजाचा पोपट शेजाऱ्याला रंगून सांगत होता, "आमच्या महाराजांना तर सकाळी गोष्टीचा शेवट ऐकल्याशिवाय राहवेना! भर वेशीतून रथ तसाच घातला. एक म्हातारी ओट्यावर चढली म्हणून वाचली. चपळ हो, या वयात!"

राजाला आधी राग आला. मग त्याने कुंभाराच्या बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती काळजी होती. तेव्हा राजाला लाज वाटली. राजांना ती क्वचित वाटते, म्हणून या राजाची गोष्ट आपण अजून सांगतो. त्याने रथाचा लगाम मागवला आणि बाईंच्या कासऱ्याशेजारी आपल्या हाताने ठेवला.

मग काय विचारता! राजाने ठेवला म्हटल्यावर मंत्र्यांच्या स्मरणशक्तीला धार आली. दुपारपर्यंत तिथे ढीग झाला.

"माझा कासरा परत कधी मिळणार?" राणीच्या भावाने विचारलं.

"इथे पायी या, आणि वाटेत काय पाहिलंत ते सांगा. एवढीच परीक्षा."

"फक्त एवढीच?" तो हसला.

दुसऱ्या दिवसापासून तो कुंभाराच्या अंगणात माती तुडवू लागला. चाकावरही बसला. त्याचं पहिलं मडकं पाहून कुंभार खाटेवरून म्हणाला, "सरकार, झकास झालंय. फक्त मडक्याला तळ असतो."

"बाजारात याला काय येईल?"

"आशीर्वाद येतील, सरकार. घेणाऱ्याच्या घरचं पाणी चोराला कधी पिता येणार नाही, म्हणून."

महिन्याने तो परीक्षेला आला. "वाटेत काय पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"रस्ता."

"पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात तो म्हणाला, "रस्ता, झाडं आणि माणसं."

"कशी माणसं?"

तो गोंधळला. "माणसांसारखी."

"पुन्हा या." बाईंनी स्वतःची परीक्षा थोरल्या मंत्र्यापुढे दिली होती आणि त्याही एकदा नापास झाल्या होत्या. राजाला तर दोनदा परत पाठवलं होतं. तेव्हा मेहुण्याला तक्रार करायला जागा नव्हती.

असे बरेच महिने गेले. कुंभाराचा पाय सांधला. तो लंगडत का होईना चालू लागला, चाक पुन्हा त्याच्या हातात गेलं, आणि राणीचा भाऊ कामातून मोकळा झाला. कासरा मात्र अजून न्यायसभेतच होता. त्यासाठी तो एका सकाळी पुन्हा आला. या वेळी त्याने येताना बरोबर घेतलेला आत्मविश्वास कमी होता.

"काय पाहिलंत?"

"वेशीजवळचा न्हावी खुर्ची रस्त्यात मांडतो," तो सांगू लागला, "कारण दुकानात उजेड नाही. त्याच्या गिऱ्हाईकाचे पाय बाहेर येतात. तेलिणीच्या दारात आंधळा म्हातारा बसतो. त्याला चाकाचा आवाज ऐकू येतो, पण बाजू कळत नाही. शाळा सुटली की पोरं सरळ घरी जात नाहीत, आधी चिंचेखाली पळतात." तो बोलत राहिला. कारकुनाने जेवणाची वेळ झाल्याची खूण केली. कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी तो थोडा थांबला. "बाजाराच्या वळणावर कुंभाराची मुलगी डाव्या अंगाने येते. पण डोक्यावर भरलेली कळशी असली, की ती मध्येच उजवीकडे येते, कारण तिकडे सावली आहे. तिला मान वळवता येत नाही, बाई. कळशी पडेल. म्हणून तिथे बघायचं काम तिचं नाही, माझं आहे."

न्यायाधीशबाईंनी ढिगातून त्याचा कासरा शोधून काढला आणि त्याच्या हातात दिला.

त्या दिवशी त्याने छकडा जोडला. पोपट खांद्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आणि पुढचं ऐकलंत का?"

"ऐकणार आहे," तो म्हणाला, "घरी गेल्यावर." त्याने पोपटाला उचलून मागच्या गवतावर ठेवलं आणि वळण यायच्या कितीतरी आधी कासरा ओढला. बैल थांबला. मुलगी कळशी सावरत, त्याच्याकडे न बघता, सावलीतून पलीकडे निघून गेली. तिला काहीच कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

तात्पर्य: रस्त्यावरून नजर हटते त्याच क्षणी गुन्हा घडतो, समोर कुणी नव्हतं हे नशीब असतं, निर्दोषपणा नव्हे.