शोषखड्ड्याचा गुळगुळीत तळ

फार वर्षांपूर्वी बेडूक बोलायचे आणि माझ्याखेरीज सगळे त्यांचं ऐकायचे, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या वाडीचं सांडपाणी कर्दळीच्या मुळांतून गाळून शोषखड्ड्यात यायचं आणि दगडवाळूतून मुकाट जमिनीत मुरायचं. स्वच्छतेची समिती येणार म्हणून मी, वाडीचा शहाणा, खड्ड्याच्या तळाला गुळगुळीत सिमेंट करून घेतलं.

खड्ड्यातला म्हातारा बेडूक ओरडला, “तात्या, तळ हेच खड्ड्याचं तोंड, ते बंद केलंत! पाणी तुंबून विहिरीत जाईल.”

“गप रे! मी तालुक्याला शिकलोय.”

“काय शिकलात?”

तेवढं काही आठवेना, म्हणून मी उद्घाटनाची फीत बांधायला घेतली.

समिती आली त्याच दिवशी खड्डा भरून वाहू लागला. काळं पाणी मांडवातून थेट पिण्याच्या विहिरीकडं निघालं. मग मात्र मी पहार घेऊन गळ्यातल्या हारासकट खड्ड्यात उडी मारली आणि तळ फोडला. खड्डा घटाघटा पाणी प्यायला. विहिरीच्या हातभर अलीकडं लोंढा थांबला.

नाकाला रुमाल लावून साहेबांनी विचारलं, “खड्ड्यात हे काय उभं आहे?”

बेडूक माझ्या डोक्यावर बसून म्हणाला, “काही नाही साहेब. पाणी गाळलं की एवढा गाळ उरतोच.”