घाटावरच्या साठ गाई

पूर्वी गोदातीरी प्रतिष्ठान नगरात राजा यशकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नावाड्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सोमिल. माणसांप्रमाणेच गुरेही तो आपल्या नावेतून पलीकडे पोहोचवीत असे.

एका उन्हाळ्यात राजाचा अधिकारी उग्रसेन साठ गाई घेऊन घाटावर आला. पैलतीरीच्या राज्यात दिलेल्या राजकन्येला दरवर्षीप्रमाणे त्या आंदण म्हणून जायच्या होत्या, आणि त्या पोहोचवण्याचा मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा होता. गाई मानेला मान बांधलेल्या होत्या. दोन दिवस त्यांना पाणी मिळाले नव्हते. त्यांतली एक तांबडी गाय दिवस भरलेली होती. तिचे पाय लटपटत होते.

सगळ्या गाई एकाच खेपेत चढव, असे उग्रसेनाने फर्मावले. सोमिलाने हात जोडून सांगितले की, नावेत वीस गाई मोकळ्या उभ्या राहतात. साठ कोंबल्या तर खालच्या तुडवल्या जातील. शिवाय तहानलेले जनावर आपण नावेत घेत नाही, आणि ही तांबडी तर व्याल्याशिवाय हलणार नाही.

"मुहूर्त टळला तर माझं डोकं जाईल," उग्रसेन म्हणाला.

सोमिल गाईंची दावी सोडू लागला. उग्रसेनाने छडी उगारली आणि त्याच्या पाठीवर हाणली. सोमिलाने हात थांबवला नाही. दुसरा वळ खांद्यावर उठला, तेव्हा तो तांबडीच्या तोंडाशी पाण्याचे घमेले धरून बसला होता. पाणी पिऊन झाल्यावर गाईने मान वळवली आणि त्याचा रक्ताळलेला खांदा चाटला.

उग्रसेनाची छडी खाली आली ती पुन्हा उठली नाही.

सोमिलाने दुसरे भांडे भरून त्याच्यापुढे धरले. "तुम्हीही प्या. तुमचे ओठसुद्धा फुटलेत. उशीर माझ्यामुळे झाला, हे मी स्वतः येऊन राजाला सांगेन."

तिसऱ्या प्रहरी तांबडी व्याली. ओले वासरू उग्रसेनानेच आपल्या उत्तरीयाने पुसले. बाकीच्या गाई तीन खेपांत पलीकडे गेल्या. तांबडी आणि तिचे वासरू चार दिवसांनी गेले.

साठांचा आकडा वेळेत पुरा न झाल्याने मुहूर्त टळला. राजाने दोघांना बोलावले. सोमिल दोष आपल्यावर घेऊ लागला, पण उग्रसेनाने त्याला थांबवले आणि छडीसकट सारे खरे सांगितले. तेव्हा राजा म्हणाला, "लेकीकडे आजवर धाडलेल्या गाईंपैकी निम्म्या वाटेतच मेल्या, आणि मी कधी विचारलंही नाही." त्या दिवसापासून सोमिलाची रीत हाच राज्यातल्या प्रत्येक घाटाचा नियम झाला.

पूर्वजन्माची ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध समोर बसलेल्यांना म्हणाले, "तो राजा म्हणजे आज या संघाला आश्रय देणारा उपासक. उग्रसेन म्हणजे आजारी भिक्खूंची शुश्रूषा करणारा हा सुयाम. तांबडी गाय म्हणजे मागे बसलेली ती वृद्ध उपासिका. आणि नावाडी मीच होतो. मारणाऱ्यालाही जी पाणी पाजते, ती मैत्रीपारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, मी त्या जन्मी आचरली."