लिमनारीचं म्युझियम गल्लीत का अडकलंय

ग्रीसमधल्या लिमनारी बंदरात म्युझियम शोधायचं म्हणजे घाम फुटतो. बंदरावर एवढी मोकळी जागा, पण हे शहाणं जुन्या पेठेतल्या सगळ्यात चिंचोळ्या गल्लीत घुसून बसलंय. आत एक दगडी पोरगी उभी आहे आणि दार एवढुसं, की ती त्यातून निघायचीच नाही. मग आत गेली कशी? तिथला म्हातारा स्तामातिस पाहुण्यांना सांगतो, ती आत गेलीच नाही. म्युझियमच तिच्याभोवती बांधलं.

फार पूर्वी ही पोरगी चौकातल्या झऱ्यावर होती म्हणे. होड्या निघाल्या की बाया तिचे पाय धुवायच्या. पाय धुतले की होडी परत येते, असा भरवसा. एकदा एक परदेशी कप्तान आला. जाळी विणणाऱ्या कल्लिरोईने, पाहुणा म्हणून, त्याला चौक दाखवला, मासा रांधून वाढला. पठ्ठ्याने ढेकर दिली आणि खलाशांना म्हणाला, "मूर्ती गाड्यावर चढवा. इथे वाया चाललीय."

"वाया?" कल्लिरोई कडाडली. तिचा नवरा तेव्हा समुद्रात होता. "भामट्या, माझ्याच ताटात जेवलास ना? तुझी आजी घरात नुसती बसलीय म्हणून उचलून नेऊ का मी?"

"बाई, तुम्हाला तिची कदर नाही," कप्तान हसला. मूर्ती गाड्यावर चढली, आणि भरल्या पोटी तो नि खलाशी सावलीत घोरू लागले.

कल्लिरोई रडली नाही. पहार घेतली, स्वतःच्या घराची पुढची भिंत पाडली आणि ते दगड बंदराच्या रस्त्यात आडवे रचले.

"थांब गं, माझा ओटापण घे!" शेजारीण ओरडली. दुसरीने खुराडं फोडलं. घोरणं थांबेपर्यंत पेठेतला एकेक सरळ रस्ता वाकडा झाला, असं सांगतात.

गाडा निघाला. "बंदर कुठे?" कप्तान विचारी.

"सरळ जा की, कप्तानसाहेब!" बाया गोड हसून सांगत.

शेवटी गाडा या गल्लीत असा रुतला, की पुढे नाही, मागे नाही. वारा फिरायला लागला, जहाज सुटायची वेळ झाली. कप्तान शिव्या घालत तसाच पळाला. बायांनी गल्लीतच पोरीचे पाय धुतले.

संध्याकाळी होड्या आल्या. कल्लिरोईचा नवरा घरासमोर थबकला. "अगं, भिंत कुठाय?"

"कामाला गेलीय," ती म्हणाली. "तू आलास ना, बस."

आजही पेठेतल्या म्हातारीला बंदराचा रस्ता विचारा. ती आधी तुमच्या हातांकडे बघते. रिकामे दिसले, तरच खरा सांगते.