चिंचघोळची ठकूआत्या आणि नागडं झाड

फार वर्षं झाली. किती, ते मला विचारू नका, तेव्हा चिंचघोळला मोजणारं कोणी नव्हतं. ओढ्याकाठच्या या गावात ठकूआत्या राहायची. तिचा नवरा डोंगरावर एका साहेबाच्या बंगल्यात माळी होता. त्यानं तिथून निलगिरीचं रोप आणलं, दारात लावलं, आणि त्याच वर्षी पटकीच्या साथीत गेला. आत्या मग त्या झाडालाच ‘अहो’ म्हणायला लागली. “अहो, जरा पाला द्या,” म्हटलं की झाड फांदी खाली करायचं, असं म्हणतात.

गावाला मात्र ते झाड आवडायचं नाही. दर उन्हाळ्यात ते अंगावरची साल सोडून गुळगुळीत, पांढरं उभं राहायचं. लोकांनी त्याचं नाव नागडं झाड ठेवलं. बाया जाता-येता पदर डोळ्यांवर ओढायच्या. ढोंग सगळं. पडसं झालं की त्याच बाया मागच्या दारानं वाफाऱ्याला पाला न्यायच्या.

तेव्हा गावात एक मोठी अडचण होती. मुलीकडचे पाव्हणे घर बघायला यायचे, जेवायचे, एक रात्र मुक्काम करायचे आणि सकाळी अंग खाजवत न बोलता निघून जायचे. चिंचघोळला कोणी पोरगी देईना. गुणाजी पाटलाचा तुकाराम तिशीला आला तरी बिनलग्नाचा. सगळ्यांना कारण माहीत होतं, पण आपल्या घरात ढेकूण आहेत असं कोण म्हणणार? पाटलानं चावडीवर सांगितलं, “वेशीतनं आत आलं की ते नागडं झाड दिसतं. पाव्हण्यांना अपशकुन होतो. तोडा ते.”

ठकूआत्या पदर खोचून उभी राहिली. “पाटील, झाड नागडं असेल. तुमच्या गाद्या भरलेल्या आहेत, त्याचं काय?”



“आठ दिवसांनी खटावचे पाव्हणे येतायत,” पाटील म्हणाला. “ते परत गेले तर मी स्वतः कुऱ्हाड लावणार.”

“लावा. तोवर तुमच्या खाटा माझ्या ताब्यात.”

मग आत्यानं काम काढलं. गावातल्या सगळ्या खाटा उन्हात आल्या. पाला उकळून कडकडीत पाणी सांध्यासांध्यात ओतलं. गोधड्यांच्या घड्यांत पाला, धान्याच्या कणगीत सुका पाला, कोपऱ्याकोपऱ्यात त्याची धुरी. चाळीस घरांना पुरवता पुरवता झाड ओकंबोकं झालं. आत्या म्हणाली, “अहो, अजून थोडं लागतंय.” दुसऱ्या सकाळी झाड पानांनी भरलेलं होतं, असं म्हणतात.

आठव्या दिवशी ढेकूण निघाले. पाटलाच्या उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत तांबडी रांग लागली होती. सगळ्यात म्हातारा ढेकूण ओढा ओलांडताना मागं वळून रडला, असंही म्हणतात. मी त्याची कीव करत नाही.

पाव्हणे आले, जेवले, झोपले. सकाळी ओसरीवर बैठक बसली. मुलीचे वडील येसबा तोंड उघडणार, तोच ते जोरात शिंकले.

लग्नाच्या बोलण्यात शिंक. अपशकुनच तो. पाटलानं कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीकडं बघितलं.

आत्या पुढं झाली. “पाव्हणं, रात्री अंगाला खाज आली?”

“नाही बाई. मेल्यागत झोपलो.”

“मग शिंक कसली?”

येसबा पुन्हा शिंकले, मग तिसऱ्यांदा. नाक वर करून त्यांनी हवा हुंगली. “दिवाळीपासनं नाक चोंदलं होतं माझं,” ते म्हणाले, “आता मोकळं झालं. पाटील, आत कुणाची तरी भाकरी करपतेय.”

खरंच करपली होती. सगळी बैठक हसली. येसबा म्हणाले, “ज्या घरात झोप लागते आणि नाक उघडतं, तिथं पोरगी द्यायला काय हरकत आहे?” पाटलानं कुऱ्हाड उचलली आणि लग्नाच्या चुलीसाठी लाकडं फोडायला नेली. बाभळीची.

ठकूआत्याला मरताना कोणी बघितलं नाही. एका उन्हाळ्यात ती दिसेनाशी झाली. झाडानं साल टाकली, तेव्हा आतल्या पांढऱ्या अंगावर हिरवं गोंदण उमटलेलं होतं, आत्याच्या कपाळावर होतं तसंच.

झाड अजून आहे. पोटात घ्यायचा नाही तो पाला, पण बाकी सगळ्याला चालतो. आमच्याकडं शिंकेला अपशकुन म्हणत नाहीत. कोणी शिंकलं की “आत्या आली” म्हणतात. ज्याला पटत नाही त्यानं मुक्कामाला यावं, गोधडी मी देते.

आणि नवरी माप ओलांडायच्या आधी त्या झाडाखाली जाते. पान चुरगळून हुंगते, आणि तिला शिंक येईपर्यंत तिला कोणी घरात घेत नाही. पान मागताना काय म्हणायचं ते सासू कानात सांगते. म्हणून चिंचघोळची कुठलीही सून पहिलं ‘अहो’ नवऱ्याला म्हणत नाही. ते झाडाला म्हणते.